रामाच्या आत अंधार आहे तोवर: क्लार्कची कादंबरी गोष्ट म्हणून कुठे जमते, कुठे हुकते?

जिन्यावरची

आधीच सांगते, खाली सगळी गोष्ट उघड केली आहे, त्यामुळे ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी ते वाचून मगच इकडे या.

आर्थर सी. क्लार्कचं 'राँदेव्हू विथ रामा' मी कॉलेजात असताना फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलं होतं, परवा माळा आवरताना ते पुन्हा हाताला लागलं आणि तीन रात्रींत वाचून काढलं. १९७३ची विज्ञान कादंबरी आहे, ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळालेली. पहिल्या वेळी मी फक्त पुढे काय होतंय त्याच्यामागे धावले होते, या वेळी तो गोष्ट सांगतो कशी याच्याकडे लक्ष गेलं, आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते इथे लिहितेय कारण घरात हे कोणाशी बोलता येत नाहीये.

ज्यांनी वाचून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडक्यात. २०७७ साली उत्तर इटलीवर एक उल्का आदळते, सहा लाख माणसं जातात, मग असं पुन्हा होऊ नये म्हणून आकाशावर पहारा ठेवणारी स्पेसगार्ड नावाची यंत्रणा उभी राहते. तिच्यामुळे २१३०च्या सुमारास गुरूच्या पलीकडे एक वस्तू सापडते. ग्रीक-रोमन देवांची नावं कधीच संपलेली असल्याने खगोलवाले हिंदू देवांची यादी वापरत असतात, म्हणून हिचं नाव रामा. जवळून बघायला जे यान पाठवतात त्याचं नाव अर्थातच सीता. आणि कळतं की हा लघुग्रह नाहीच, हा कोणीतरी बनवलेला दंडगोल आहे, ५० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर जाड, स्वतःभोवती दर चार मिनिटांनी एक गिरकी घेणारा, आणि त्या गिरकीमुळे आतल्या भिंतीवर वजन जाणवतं, तीच तिथली जमीन. आपल्या हिशोबाने सांगायचं तर चर्चगेटहून निघालात तर वसई रोड येईपर्यंत तुम्ही त्याच्या पोटातच आहात, आणि मध्ये आतल्या भिंतीवर पट्ट्यासारखा गोल फिरलेला जो समुद्र आहे त्याची रुंदी चर्चगेट ते दादर. सूर्यमालेतून तो नुसता जाणार आहे, थांबणार नाहीये, आणि जे एकच जहाज वेळेत पोचू शकतं ते कमांडर नॉर्टनचं एन्डेव्हर.

आता मुद्दा. मला या कादंबरीतलं सगळ्यात भारी काय वाटलं तर आतला अंधार. नॉर्टनची माणसं आत शिरतात तेव्हा आत काही म्हणजे काही दिसत नाही. टॉर्चच्या उजेडात समोरचं तेवढंच. मग एक फ्लेअर सोडतात, थोडा वेळ सगळं उजळतं, डोळ्यात मावत नाही इतकं मोठं काहीतरी दिसतं आणि विझतं. मग पुन्हा टॉर्च. तीन प्रचंड जिने आहेत, त्यातल्या एकावरून ते उतरतात, खाली जाऊ तसतसं वजन वाढत जातं, आणि क्लार्क आपल्याला त्याच क्रमाने दाखवतो ज्या क्रमाने त्यांना दिसतं. एक शब्द आगाऊ सांगत नाही.

मला हे इतकं का भिडलं ते सांगते. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती ते आठवत असेल. मी एकोणिसाव्या मजल्यावर राहते, आई भाजी आणायला खाली गेली होती आणि लिफ्ट बंद. आमच्या बिल्डिंगचा जिना मधोमध आहे, त्याला एकही खिडकी नाही, भर सकाळी तिथे मिट्ट काळोख. मोबाईलच्या उजेडात पाच-सहा पायऱ्या दिसायच्या, बाकी काही नाही. मी पायऱ्या मोजायला लागले, एका मजल्याला अठरा, आणि त्या मोजण्यानेच मला धीर आला. खाली पोचल्यावर आई दिसली तेव्हा मी तिला पहिलं काय सांगितलं तर आकडा. रामात ती माणसं सतत मोजतात, किती मीटर, किती सेकंद, किती वजन, आणि पहिल्या वाचनात मला ते आकडे कोरडे वाटले होते. आता कळलं की अंधारात आकडा हीच पकडायची दोरी असते.

आता हुकतं कुठे. सगळे म्हणतात क्लार्कची माणसं पुठ्ठ्याची असतात. असतील, पण माझी तक्रार ती नाही. माझी तक्रार ही की आतले सहा लांबलचक सूर्य एकदम पेटतात ना, तिथे कादंबरीचा जीव थोडा ढिला पडतो. तोवर प्रत्येक गोष्ट टॉर्चने कमवावी लागत होती, आता सगळं फुकट दिसायला लागतं. मग लेखकाला संकटं आणावी लागतात. वादळ येणार, पण आधीच इशारा येतो. नॉर्टनच्या माणसांतला जिमी पाक त्याच्या पंखांच्या सायकलवरून दक्षिण टोकाला जातो, विजेच्या लोटात सापडतो, पडतो, समुद्राच्या चुकीच्या बाजूला एकटाच अडकतो, मला घाम फुटला होता, आणि उपाय काय तर ५०० मीटरच्या कड्यावरून शर्ट डोक्यावर धरून उडी मार, गुरुत्व कमी आहे, काही होणार नाही. आणि होत नाहीच! दर वेळी तेच, संकट, गणित, सुटका, पुढचं प्रकरण. शिवाय मध्ये मध्ये चंद्रावर रामाबद्दलची तज्ज्ञांची कमिटी बसते आणि आपण आत्ताच जे पाहिलं ते पुन्हा चर्चेतून सांगते. आणि बुधावरच्या वसाहतीने पाठवलेला बॉम्ब तर मला सरळ दुसऱ्या पुस्तकातला वाटला.

तुम्हाला काय वाटतं? सूर्य पेटल्यावर पुस्तक तुमच्या हातातून सुटलं की उलट पकड घट्ट झाली?

फूटबोर्ड

ताई धागा फार आवडला, पण सूर्य पेटल्यावर जीव ढिला पडतो हे पटलं नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, माझ्यासाठी त्या कादंबरीतला सगळ्यात थरारक क्षण म्हणजे तो कडा, ज्याचा तुम्ही नुसता उल्लेख केलाय.

गोल समुद्राला दोन काठ आहेत. उत्तरेकडचा काठ ५० मीटर उंच आणि दक्षिणेकडचा ५०० मीटर. का? समुद्र तोच, पाणी तेच, मग एका बाजूला दहापट उंच भिंत कशाला? वाचक विचार करत बसतो आणि मग उत्तर येतं की रामा जेव्हा स्वतःहून वेग घेईल तेव्हा सगळं पाणी मागे सरकेल आणि दक्षिणेच्या भिंतीवर चढेल, म्हणून ती उंच आहे. लोकल सुटताना उभी माणसं मागे कलतात तसंच. म्हणजे ज्याला आपण इतका वेळ मेलेला, वाहत आलेला ओंडका समजत होतो तो चालवता येतो. त्याला इंजिन आहे! आणि हे कोणी पात्र येऊन सांगत नाही, ती भिंत सांगते, तिच्या उंचीवरून ती माणसं रामा जास्तीत जास्त किती वेग घेऊ शकेल याचा अंदाजही बांधतात. इमारतीवरून बांधणाऱ्याचा हेतू वाचणं हे माझं रोजचं काम आहे, जुन्या चाळीची तपासणी करताना एखादी तुळई विनाकारण जाड दिसली की मी थांबतो, तिथे कधीतरी पाण्याची टाकी असणार किंवा वर मजला चढवायचा असणार. गोष्ट सांगायची ही पद्धत मला दुसऱ्या कुठल्याच कादंबरीत इतकी शुद्ध दिसली नाही.

आणि आकडे खरे आहेत हेही महत्त्वाचं. आतली त्रिज्या ८ किलोमीटर धरा, एक फेरी २४० सेकंदांची, गणित केलंत तर आतल्या जमिनीवर ५.५ च्या आसपास त्वरण येतं, म्हणजे पृथ्वीच्या ५६ टक्के. साठ किलोच्या माणसाला तेहतीस-चौतीस किलोचा असल्यासारखं वाटेल. वर मध्यावर शून्य आणि उतरत जाल तसं सरळ प्रमाणात वाढत जाणार. मी हे बारावीत वहीच्या मागच्या पानावर केलं होतं आणि उत्तर जुळलं तेव्हा या लेखकाचं बाकी सगळंही खरं मानायला तयार झालो. वाचकाचा विश्वास असाही मिळवता येतो.

निळी दौत

दोघांचंही वाचलं. मी जरा वेगळं आणि थोडं कडक बोलणार आहे.

माणसं पुठ्ठ्याची आहेत ही तक्रार मुख्य नाही असं जिन्यावरची ताई म्हणते, मला ती मुख्य वाटते. नॉर्टनला दोन घरं आहेत, एक बायको पृथ्वीवर, एक मंगळावर. ही केवढी मोठी गोष्ट आहे! अशा माणसाच्या डोक्यात परतायचं म्हणजे कुठे परतायचं हा प्रश्न सतत असणार. पण अख्ख्या पुस्तकात त्याचा एकही निर्णय त्या दोन घरांमुळे बदलत नाही. म्हणजे ती घरं भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी नुसती टांगलेली आहेत. भविष्यात लग्नाच्या रीती बदलतील एवढं दाखवलं आणि विषय संपला.

आणि तो उतारा, जिथे नॉर्टन मनात म्हणतो की काही बायकांना जहाजावर घेऊच नये कारण वजनरहित अवस्थेत त्यांच्या छातीकडे लक्ष जातं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात उभी होते, आणि अक्षरशः पुस्तक मिटलं. १९७३ साली लिहिलंय, काळ वेगळा होता, हे सगळं मला कळतं. पण मी हे कथनातली चूक म्हणून सांगतेय. तोवर मी नॉर्टनच्या डोळ्यांनी रामा बघत होते, जिना मीच उतरत होते, आणि त्या एका परिच्छेदाने मला सांगितलं की तू इथे उतरणाऱ्यांतली नाहीस, तू बघायची वस्तू आहेस. लेखकाने जो अंधार इतक्या कष्टाने उभा केला त्यातून त्याने अर्ध्या वाचकांना एका झटक्यात बाहेर काढलं. डॉक्टर लॉरा अर्न्स्ट आहे, बोट बांधणारी सार्जंट रुबी बार्न्स आहे, दोघी कामात तरबेज आहेत, म्हणजे त्याला बायकांना काम देता येत होतं, मन द्यायचं राहिलं.

फूटबोर्ड, भिंत बोलते हे तुमचं म्हणणं सुंदर आहे. पण भिंत इतकी बोलते आणि माणूस इतका गप्प, हे काही मला ताकद म्हणून मान्य होत नाही.

अर्धा कटिंग

मी पुस्तक साठाव्या पानावर सोडलं होतं, हा धागा वाचून परत उघडलं. एक सांगतो, प्रकरणं छोटी आहेत हे फार सोयीचं आहे, एकूण ४६ आहेत, दादरला चढलो की अंधेरी येईपर्यंत एखादं आरामात होतं आणि प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी नवं कळतंच. पण निळी दौत म्हणतात तसं, मला आत्ताही जिमी सोडून कोणाचं नाव आठवत नाहीये. जिमी का आठवतो ते शोधतोय.

पारसिक बोगदा

अर्धा कटिंग, जिमी आठवतो कारण तो फूल तोडतो.

सविस्तर लिहितो. मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे, बंदरात नोकरी केली, त्यामुळे माझ्या डोळ्यांना हे पुस्तक आधी जहाजाचं वाटतं आणि मग अवकाशाचं. नॉर्टनचं जहाज एन्डेव्हर, आतल्या समुद्रात जी बोट बांधतात ती रेझोल्यूशन, ही दोन्ही कॅप्टन कुकची, म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या इंग्रज दर्यावर्दीची जहाजं. नॉर्टन कुकचा भक्तच आहे, आपल्या जागी कुक असता तर त्याने काय केलं असतं असं तो मनात विचारत असतो. आता कुकची रोजनिशी जर कोणी वाचली असेल तर त्यात काय आहे, वारा कुठून, पाणी किती खोल, किनारा कसा, झाडं कोणती, कोण आजारी. स्वतःच्या मनाबद्दल फारसं नाही. लॉगबुकची भाषाच तशी असते, आम्ही बंदरात रोज लिहायचो, भर पावसात एखादं जहाज नांगर तोडून निघालं आणि आमची पाचावर धारण बसली तरी नोंद काय तर वेळ, वाऱ्याचा वेग, टग किती वाजता पोचली. ते लिहिणाऱ्याला भीती नव्हती असं कोणी समजू नये. क्लार्कने अख्खी कादंबरी त्या भाषेत लिहिली आहे, आणि माझ्या मते जाणूनबुजून. म्हणून निळी दौत यांना माणूस गप्प वाटतो. त्या उताऱ्याबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, तिथे लॉगबुक लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवायला हवं होतं.

आता जिमी. सूर्य पेटलेत, सगळं लख्ख आहे, हा पोरगा एकटा त्या दक्षिण भागात चालतोय, त्याच्या मोडक्या सायकलचे तुकडे करून एक खेकड्यासारखं यंत्र घेऊन गेलंय. चौकोनी तुकड्यातुकड्यांची जमीन, बहुतेक ओसाड, आणि एका जागी एक फूल. एकच. तो कसरत करून ते मिळवतो. त्या अवाढव्य यंत्रात काहीतरी उगवलंय, आणि ते उगवलेलं बघून पोराला ते हवंसं वाटतं. इथे कुठलंही गणित नाही, कोणी समजावून सांगत नाही. जिन्यावरची ताई, तुमची सूर्याबद्दलची तक्रार इथे टिकत नाही असं मला वाटतं. उजेडात दिसणाऱ्या गोष्टीसुद्धा कमवाव्या लागतात, फक्त वेगळ्या तऱ्हेने.

आणि बॉम्बबद्दल. बुधवाले रामाला उडवायला क्षेपणास्त्र पाठवतात, नॉर्टनच्या जहाजावरचा बोरिस रॉड्रिगो जाऊन ते निकामी करतो. रॉड्रिगो श्रद्धाळू आहे, येशू अंतराळातून आलेला होता असं मानणाऱ्या पंथातला, रामा म्हणजे त्याच्या दृष्टीने देवाने पाठवलेलं तारू. सगळ्या पुस्तकात हा एकच माणूस आहे जो त्याच्या आतल्या कारणामुळे काही करायला उठतो. आणि नॉर्टन परवानगी देतो तेव्हा कुठल्याही कमिटीचा हुकूम नसतो. मला ती प्रकरणं उपरी वाटली नाहीत. घाईत लिहिलेली वाटली, हे कबूल.

जिन्यावरची

काका, फुलाबद्दल हरले. खरंच, काल रात्री ते प्रकरण परत वाचलं. मी त्याला जिमीच्या सुटकेच्या धावपळीतला एक थांबा समजून पुढे गेले होते, आणि परत वाचताना लक्षात आलं की त्याची सायकल पडल्यापासून तो उडी मारेपर्यंत तिथे कोणीच नाही, नुसता रेडिओवर आवाज, म्हणजे अंधार गेला तरी एकटेपणा लेखकाने शाबूत ठेवलाय. उडी मात्र अजूनही मला स्वस्तातली सुटका वाटते.

रॉड्रिगोबद्दल अर्धं पटलं. कारण आतलं आहे हे खरं, पण त्याची श्रद्धा आपल्याला आधी पुरेशी भेटत नाही, गरज पडली तेव्हा खिशातून काढल्यासारखी येते. जिना जसा पायरी पायरीने उतरवला तसा हा माणूस पण उतरवायला हवा होता.

निळी दौत, दोन घरं कॅलेंडरसारखी टांगलेली, हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. आणि लेडीज डब्यातलं वाचून वाईट वाटलं. मी तो उतारा दोन्ही वेळा भरभर ओलांडून गेले होते, बहुतेक सवयीने, आणि ती सवय मला का आहे याचा विचार करतेय.

चुनाभट्टी

इथे एक मराठी धागा जोडतो. आपल्याकडे विज्ञानकथेवर हाच आरोप वर्षानुवर्षं होतोय की कल्पना मोठी आणि माणसं छोटी. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं हे बहुतेकांना माहीत असेल. तेव्हा ते टीआयएफआर या संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्या कुलाब्यालाच होते. म्हणजे ती कथा रामा आला त्याच्या पुढच्याच वर्षीची. मी शाळेत असताना त्यांच्या कथांवर वाढलो आणि मला कथेत माणसं कमी पडली असं कधी वाटलं नाही, कारण कथा दहा-पंधरा पानांची असते, एक कल्पना तिला पेलते.

प्रश्न कादंबरीत येतो. अडीचशे पानं एका कल्पनेवर कशी ओढणार? मला वाटतं क्लार्कने उत्तर असं काढलं की कादंबरी लिहायचीच नाही, ४६ कथा एका माळेत ओवायच्या. जिना ही एक कथा, वितळणारा समुद्र एक, तीन पायांचे कोळी एक, लंडन नाव दिलेल्या वसाहतीत भिंत कापून आत सापडलेला तो वस्तूंच्या चित्रांचा साठा एक. म्हणून अर्धा कटिंग यांचं प्रकरण दादर ते अंधेरीत संपतं. आणि म्हणूनच जिन्यावरची ताईंना संकटं पटापट सुटल्यासारखी वाटतात, कारण प्रत्येक कथेला स्वतःचा शेवट हवा असतो. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून आल्यात. मला स्वतःला समुद्र वितळण्याची प्रकरणं सगळ्यात आवडतात. सूर्याजवळ येताना बाहेरचं कवच तापतं म्हणून बर्फ खालून वितळायला लागतं, वरचा थर तसाच राहतो आणि मग फुटतो, हवा तापून वादळ होणार हे कमिटीतल्या शास्त्रज्ञाच्या वेळेत लक्षात येतं. कमिटी नुसती बडबड करते असं नाही, तिथे तिने माणसं वाचवलीत.

रातपाळी

मला एवढंच लिहायचंय की २०१७ला ओमुआमुआ सापडला तेव्हा मी नाईट शिफ्टला होतो आणि बातमी वाचून अंगावर काटा आला होता. सूर्यमालेबाहेरून आलेली, आपल्याला सापडलेली पहिलीच वस्तू, बहुधा लांबुळकी, प्रकाश कमी-जास्त होतोय म्हणून कळलं की कोलांट्या खातेय, आणि सापडली हवाईमधून, जिथे तो कॅप्टन कुक मारला गेला. रामाची पहिली तीन-चार प्रकरणं डोळ्यासमोर घडतायत असं वाटलं. नंतर तसेच बाहेरून २०१९ला बोरिसोव्ह आणि २०२५ला अ‍ॅटलास आले. स्पेसगार्ड हे नावसुद्धा खऱ्या लघुग्रह शोधमोहिमेने या कादंबरीवरूनच उचललं. तर गोष्ट सांगण्यातली ताकद मोजायची तर ही पण मोजा, की पन्नास वर्षांनी खरी बातमी वाचताना माणसाला पुस्तकातलं प्रकरण आठवतं.

आणि पुढचे भाग, जे जेंट्री ली या सहलेखकाबरोबर १९८९पासून आले, त्यात माणसं भरपूर आहेत, भांडणं, लग्नं, राजकारण सगळं आहे. मी दुसरा भाग पूर्ण केला, तिसरा अर्ध्यात सोडला. रामा कोणी बनवला हे मला खरं तर कळायला नको होतं.

मास्तरीण, वरळी

उशिरा आले, सगळं वाचून काढलं. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते आणि गेली चार वर्षं ऑफ तासाला ही गोष्ट मुलांना मराठीत सांगते, त्यामुळे ती तोंडी सांगताना कुठे चालते आणि कुठे पडते हे मला रोखठोक कळलेलं आहे.

अंधार आणि जिना चालतो. दर वर्षी. वर्ग गप्प होतो. त्यात एक जागा आहे ती इथे कोणी लिहिली नाही. उतरायच्या आधी नॉर्टन विचार करतो की या जागेला खाली कुठलं मानायचं. आपण एका प्रचंड वाडग्याच्या तळाशी आहोत असं मानलं तर मन शांत राहतं, पण आपण ५० किलोमीटर खोल विहिरीच्या तोंडाशी लटकलोय असं मानलं की पाय गळतात. जागा तीच, नुसती मान्यता बदलायची. मी मुलांना डोळे मिटायला सांगते आणि एकदा वाडगा सांगते, एकदा विहीर. विहीर म्हटल्यावर बाक घट्ट धरणारी मुलं असतात. ज्याला माणसाचं मन कळत नाही त्याला हे सुचलं नसतं असं मला वाटतं, निळी दौत. पण तुमचा तो उतारा मी वर्गात कधीच सांगितलेला नाही आणि सांगणारही नाही.

पडते कुठे, तर कमिटीत. मुलं चुळबुळ करतात, मी ती दोन वाक्यांत उरकते. आणि नावावर प्रश्न येतात. रामा म्हणजे राम का, मग सीता त्याला भेटली का, लक्ष्मण कुठाय. मी सांगते की यादीतलं पुढचं नाव होतं म्हणून लावलं, आणि मुलं हिरमुसतात. आपल्या वाचकाला त्या नावात जे ऐकू येतं त्याचा क्लार्कने काहीच उपयोग केला नाही. तो १९५६पासून श्रीलंकेत राहत होता, म्हणजे हे नाव त्याच्या कानावरून रोज जात असणार, तरी त्याने ते लेबल म्हणूनच वापरलं. मला ही सोडून दिलेली संधी वाटते.

शेवटाबद्दल. रामा सूर्याजवळ जातो, आपल्याला हवं ते त्याच्याकडून घेतो आणि निघून जातो, आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. मला भीती होती की मुलं चिडतील. पहिल्या वर्षी चिडलीच, मग ते कोण होते, भेटले का नाहीत, मॅडम हा काय शेवट झाला. पण शेवटची ती तीनची गोष्ट सांगितली, तीन जिने, तीन दरवाजे, कोळ्याला तीन पाय, रामावाले सगळं तीन-तीन करतात, की वर्गात एकदम आवाज फुटतो, म्हणजे अजून दोन येणार! ते त्यांचं त्यांनाच सुचतं, मी कधीच सांगत नाही.

यंदा एका मुलीने घरून शटलकॉकचा रिकामा डबा आणला. लांबी जास्त होत होती म्हणून तिने तो अर्ध्यावर कापला होता, ५० आणि १६चं प्रमाण तिने स्वतः काढलं होतं. आतून कागद गुंडाळून लावला, त्यावर मधोमध निळा पट्टा काढलेला, एका बाजूला छोटी किनार आणि दुसऱ्या बाजूला उंच. झाकणाला दाभणाने भोक पाडलं होतं आणि शेजारी एक टॉर्चचं बारकं भोक. आम्ही वर्गाचे पडदे लावले आणि एकेकाने डोळा लावून आत बघितलं. फूटबोर्ड, ती उंच किनार तिने का काढली हे मी विचारलं तर म्हणाली, मॅडम तुम्ही सांगितलं होतं ना पाणी मागे जातं, आणि मग तिने विचारलं की पण डोक्यावरचं पाणी खाली का पडत नाही. आम्ही सगळे खाली मैदानात गेलो, शिपाईमामांकडून बादली आणली, अर्धी भरली आणि तिलाच फिरवायला दिली. पहिल्या दोन वेळा तिने हात आखडला आणि ती भिजली. तिसऱ्या वेळी बादली डोक्यावरून पूर्ण गोल गेली.

जिन्यावरची

मास्तरीणबाई, तो डबा अजून शाळेत आहे का? शनिवारी माझी सुट्टी असते आणि वरळी मला लांब नाही. एकदा त्या भोकाला डोळा लावून बघायचंय, टॉर्च न लावता.